फाइट खरी वाटायला हवी असेल तर मार खाणाऱ्याकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याकडची काही मुलंमुली मिळून मार्शल आर्ट्सवरचा सिनेमा करताहेत. नायक रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढून मासे धरणाऱ्याचा मुलगा. किकबॉक्सिंग आणि ज्युदो शिकलेला, एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, जिथे ठोसे, लाथा, पकड सगळंच चालतं) स्पर्धेत उतरू पाहणारा. वडलांना हे काहीच मान्य नाही. त्यांनी लिहिलंय, "मारामारी खरी वाटली पाहिजे असा आमचा हट्ट आहे. पण फाइट सुरू झाली की गोष्ट थांबते, आणि गोष्ट चालू असते तेव्हा फाइट कुठून तरी आणून चिकटवल्यासारखी वाटते. दोन्हींचा मेळ कसा घालायचा?"

मी रत्नागिरीत ज्युदो शिकवतो आणि नाटकांसाठी, छोट्यामोठ्या सिनेमांसाठी फाइट बसवतो. तुमची पटकथा पूर्ण वाचली. मला दिसलं ते असं की तुमच्या सगळ्या फाइट मारणाऱ्याच्या बाजूने लिहिल्या आहेत. त्या मार खाणाऱ्याच्या बाजूने पुन्हा लिहा. तुमच्या निम्म्याहून जास्त अडचणी तिथेच सुटतील.

पटकथेत जागोजागी असं आहे: "तो राउंडहाउस मारतो, समोरचा कोसळतो." (राउंडहाउस म्हणजे फिरवून मारलेली लाथ.) कोसळलेल्याचं पुढे काय झालं, मारणाऱ्याच्या नडगीला काय झालं, दुसऱ्या दिवशी दोघं जिने कसे चढले, याबद्दल एक ओळ नाही. डाव बरोबर पडला की नाही हे शंभरातल्या पंच्याण्णव प्रेक्षकांना कळत नाही. कंबरेवरून घेतलेली फेक आणि खांद्यावरून घेतलेली फेक यांतला फरक त्यांना माहीत नसतो, आणि असायची गरजही नाही. पण आयुष्यात एकदाही न पडलेला, बोट दारात न चेपलेला, पोटात चेंडू न बसलेला माणूस कुठे आहे? मार लागल्यावर शरीर काय करतं हे प्रत्येकाला अंगाने माहीत आहे. त्यामुळे खोटेपणा पकडला जातो तो मार लागलेल्या माणसाच्या वागण्यात. आणि नाट्य हवं असेल तर तेही तिथेच आहे, कारण या माराची किंमत कोण आणि कशी भरणार हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

तुमचाच बंदरावरचा सीन घेऊ. पर्ससीन बोटीवरचा (मोठं गोल जाळं टाकणाऱ्या यांत्रिक बोटीवरचा) खलाशी नायकाच्या वडलांना टाकून बोलतो, नायक त्याच्या तोंडावर ठोसा हाणतो, खलाशी पाण्यात पडतो, बघे ओरडतात, सीन संपला. आता खरं काय होतं ते बघा. ग्लोव्हशिवाय माणसाच्या डोक्यावर पूर्ण ताकदीने मूठ मारली तर बऱ्याचदा मोडतो तो मारणाऱ्याचा हात. करंगळीच्या रेषेत तळहातात जे लांब हाड असतं ते बोटाच्या मुळाशी असलेल्या गाठीच्या जरा मागे मोडतं. डॉक्टर याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. गाठ आत बसते, हाताची मागची बाजू सुजून गोल होते आणि मूठ आवळली की करंगळी शेजारच्या बोटाखाली वळते. पुढे महिनाभर तरी त्या हाताने काही घट्ट धरता येत नाही. बॉक्सिंगमधले ग्लोव्ह आणि त्याखालच्या पट्ट्या पहिल्यांदा मारणाऱ्याचा हात वाचवतात, समोरच्याचं तोंड नंतर.

हे तुमच्या गोष्टीत घाला. रात्री पडवीत दिव्याखाली वडील म्हणतात, "हात दाखय." मुलगा डावा पुढे करतो. "दुसरो." सूज बघितल्यावर ते रागवत नाहीत, ठोशाबद्दल विचारत नाहीत, एवढंच म्हणतात, "सकाळी जाळा कोण वडतलो?" रापणीचा दोर दोन्ही हातांनी आणि कंबरेने ओढायचा असतो. हात मोडला म्हणजे घरातला एक माणूस कमी, आणि माणूस कमी म्हणजे मासळीतला वाटाही कमी. बापाचा अपमान सहन न होऊन मारलेला ठोसा बापाच्याच ताटातलं काढून घेतो. ठोशाला पडद्यावर एक सेकंद लागला असेल, पण पुढची वीस मिनिटं त्याच ठोशावर चालतील. यासाठी कोरिओग्राफी अवघड करावी लागली नाही, खर्चही वाढला नाही.

या जातीचा नमुना म्हणून बघायचा सिनेमा विचारलात तर मी २०११ चा 'वॉरियर' सांगेन. दिग्दर्शक गॅव्हिन ओकॉनर. आपल्याकडे २०१५ मध्ये 'ब्रदर्स' नावाने त्याचं हिंदी रूप आलं. दोन भाऊ, दारूपायी घर मोडलेला बाप, एक भाऊ शाळेत फिजिक्स शिकवतो आणि त्याच्या घरावर बँकेची टाच यायची वेळ आलेली. दोघं एकाच एमएमए स्पर्धेत उतरतात आणि अंतिम फेरीत समोरासमोर येतात. तो शेवट नीट अभ्यासा. मधल्या एका फेरीत थोरल्याच्या हातून धाकट्याचा खांदा निखळतो. तिथपर्यंत ती जिंकायची लढत असते. खांदा निखळल्यावर थोरल्यासमोर प्रश्नच बदलतो: एका हाताने लढणाऱ्या, थांबायला तयार नसलेल्या भावाला मी आणखी मारू का? तो त्याला थांबायची विनवणी करतो. शेवटी मागून गळ्याला विळखा घातलेला असताना थोरला त्याच्या कानाशी बोलतो आणि धाकटा टॅप करतो, म्हणजे हाताने थोपटून हार कबूल करतो. बापाने केलेलं नुकसान, भावाने सोडून जाणं, इतक्या वर्षांचा अबोला हे सगळं एका निखळलेल्या सांध्यात आणि एका टॅपमध्ये आणून बसवलंय. तिथे गोष्ट आणि फाइट वेगळ्या काढता येत नाहीत. मला विचाराल तर या प्रकारातला याहून चांगला शेवट मी पाहिलेला नाही.

त्याच सिनेमात अवास्तव काय आहे तेही सांगतो, कारण तुम्ही खरेपणाबद्दल विचारलंय. सोळा जणांची स्पर्धा जिंकायला चार लढती लागतात, आणि त्या एका वीकएंडमध्ये उरकलेल्या दाखवल्यात. एमएमएमध्ये आज नेहमीची लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची आणि विजेतेपदाची पाच फेऱ्यांची असते. नॉकआउट झालेल्या माणसाला डॉक्टर काही आठवडे ते काही महिने उतरू देत नाहीत. निखळलेल्या खांद्याने पुढची फेरी कुठलाही जबाबदार रेफ्री सुरू करणार नाही. पण प्रेक्षक हे माफ करतो. नियमपुस्तकातली सवलत लोक देतात, शरीराबद्दलचं खोटं मात्र खपवून घेत नाहीत. तुमच्या स्पर्धेचं वेळापत्रक थोडं ओढूनताणून बसवलंत तरी चालेल. बरगडीत लाथ बसलेला माणूस पुढच्या सीनमध्ये खळखळून हसताना दिसला तर चालणार नाही.

शरीराच्या अशा गोष्टी लेखकाला माहीत हव्यात. सगळ्या सांगत बसत नाही, ज्या गोष्टीला उपयोगी पडतात तेवढ्या सांगतो.

यकृतावरचा ठोसा माझ्या मते सिनेमासाठी सगळ्यांत मोलाचा, आणि तो फार कमी वापरला जातो. उजवीकडच्या शेवटच्या बरगड्यांखाली डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) नीट बसला की माणूस लगेच पडत नाही. सेकंद-दीड सेकंद तो उभाच असतो, कधी कधी एक पाऊल पुढेही टाकतो. मग चेहरा बदलतो, कोपर आपोआप पोटाशी येतं आणि गुडघे वाकतात. डोकं पूर्ण शुद्धीवर असतं. उठायचंय हे त्याला कळतं, रेफ्रीचा आवाज ऐकू येतो, शरीर ऐकत नाही. ते मधलं सेकंद-दीड सेकंद तुमच्या नायकाच्या चेहऱ्यावर ठेवा, कट न करता. प्रेक्षकाला आधी वाटेल चुकवला, आणि नायकाला कळेल तेव्हाच प्रेक्षकालाही कळेल. हनुवटीवरच्या ठोशात हे मिळत नाही, तिथे डोकं गर्रकन फिरतं आणि दिवा विझतो. बेशुद्ध माणसाकडे अभिनयाला काही उरत नाही.

दुसरं म्हणजे दम. सराव नसलेला माणूस जीव तोडून भांडला तर अर्ध्या मिनिटात त्याचे हात खाली येतात. ठोसे रुंद होतात, तोंड उघडं पडतं, दोघं एकमेकांना मिठी मारून उभे राहतात. रस्त्यावरच्या खऱ्या भांडणाचा बराच वेळ या मिठीतच जातो. तुमच्या बंदरावरच्या भांडणात बारा डाव आहेत. तीन ठेवा. उरलेला वेळ दोघांना शर्ट धरून धापा टाकू द्या, त्या धापेतच त्यांना बोलू द्या. तिथे निघणारं वाक्य तुटकं असतं आणि ते खरंच वाटतं.

इथे आपल्या हवेचा उल्लेख करायलाच हवा. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि दम लवकर जातो. शिवाय पकड सुटते. कोरड्या अंगावर बसलेला आर्मबार (समोरच्याचं कोपर उलटं ताणणारी पकड) पाच मिनिटांनी घामेजल्या अंगावर ओल्या बांगड्यासारखा हातातून निसटतो. प्रत्यक्ष लढतीतही नंतरच्या फेऱ्यांत असे डाव लागणं अवघड होतं ते याचमुळे. तुमचा नायक पुण्याच्या एसी जिममध्ये शिकून आलेल्या पोराशी वेंगुर्ल्याच्या मंडपात लढणार असेल, तर हवाच त्याच्या बाजूने आहे. पुण्याचा पोरगा पहिल्या फेरीत सरस, तिसऱ्या फेरीत बुडतोय, हे कुठलाही चमत्कार न करता पटतं.

तिसरं, चोक, म्हणजे गळ्याचा विळखा. दोन हातांनी गळा आवळून मिनिटभर तडफडणं हे सिनेमातलं. मागून हाताचा विळखा बरोबर बसला की मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि साधारण दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. सोडलं की थोड्या वेळात शुद्धीवर येतो, पण कुठे आहे ते त्याला पटकन कळत नाही. म्हणजे तुमच्या हातात दहा सेकंद आहेत आणि त्या दहा सेकंदांत एक निर्णय: टॅप करायचा की नाही. माणूस स्वतःच्या हाताने हार कबूल करतो अशी जागा नाटककाराला दुसरीकडे कुठे मिळेल? तुमच्या पटकथेत नायक एकदाही टॅप करत नाही, ही मला तिची सगळ्यांत मोठी उणीव वाटली. मध्यंतराआधी त्याला एकदा टॅप करायला लावा, आणि तेही वडील बघत असताना.

मात्र जमिनीवरची झुंज दाखवताना एक अडचण येते. चटईवर एकमेकांत गुंतलेली दोन शरीरं बघून नवख्या प्रेक्षकाला कोण जिंकतंय ते कळत नाही. यावर उपाय फाइटमध्ये शोधू नका. तो पंधरा-वीस मिनिटं आधीच्या एखाद्या साध्या सीनमध्ये करून ठेवा. माझ्या क्लासमध्ये नवीन मुलांना पहिल्या दिवशी पडायला शिकवतो आणि त्याच दिवशी टॅप करायलाही. एखादी आठ-नऊ वर्षांची मुलगी आपल्या मोठ्या भावावर हलका चोक लावते, तो उगाच अडून बसतो, मास्तर येऊन त्याचाच हात धरून चटईवर दोनदा आपटतात आणि म्हणतात, "हे केलंस की समोरच्याने सोडायलाच हवं. न सोडणाऱ्याला मी क्लासात ठेवत नाही." असा सीन असू द्या. प्रेक्षकाला नियम कळला, नियमामागचा विश्वास कळला. पुढे शेवटच्या लढतीत कोणी टॅप झाल्यावरही क्षणभर सोडत नाही, तेव्हा अख्खं थिएटर अस्वस्थ होईल. कॉमेंटेटरच्या तोंडून डाव समजावून सांगायची पळवाट घेऊ नका. ती टीव्हीवर चालते, सिनेमात पात्रांची जागा खाते.

प्रत्येक पात्राची लढायची पद्धत त्याच्या स्वभावातून आली पाहिजे, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते नीट करून दाखवलेला सिनेमा म्हणजे २००७ चा जपानी 'कुरो ओबी'. त्यात मुख्य भूमिका खऱ्या कराटेशिक्षकांनी केल्यात: अकिहितो यागी आणि तात्सुया नाका. काळ १९३० च्या दशकातला, लष्कराला यांचा दोजो (कराटेची तालीम) हवाय. गुरूची शिकवण शब्दशः पाळणारा एक शिष्य हल्ला करायचंच नाकारतो, दुसरा हल्ल्याच्या, ताकदीच्या वाटेने जातो. दोघांचं मतभेदाचं भाषण तोडून टाकलं तरी त्यांच्या उभं राहण्यावरून कोण काय मानतो ते कळतं. तुमच्या नायकाच्या बाबतीत मी हा विचार करेन: तो दोर ओढणाऱ्याचा मुलगा आहे. त्याचं बळ ओढण्यात आहे, पकडीत, पाठीत, मांड्यांत. लाथा त्याने नंतर किकबॉक्सिंगमधून उचलल्यात. म्हणजे पहिल्या निम्म्या सिनेमात तो लाथा मारत राहील आणि हरेल, कारण त्याला बापासारखं दिसायचं नाहीये. पुढे कधीतरी तो समोरच्याला पकडून ओढतो आणि फेकतो. वडील तिथे असतील तर त्यांना ती पकड ओळखू येईल. त्यावर संवाद लिहू नका.

नट घ्यावा की फायटर, असंही विचारलंत. रितिका सिंहचं उदाहरण समोर आहे. ती खरी किकबॉक्सर आणि एमएमए लढलेली. २०१६ मध्ये सुधा कोंगराच्या 'साला खडूस' आणि त्याच्या तमिळ रूपात तिने बॉक्सरची भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारात तिची विशेष दखल घेतली गेली. फायटरला दिग्दर्शक चांगला मिळाला तर काय होतं ते यात दिसतं. तुमच्याकडे पैसा कमी आणि वेळ भरपूर, तर माझा कौल फायटरकडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तायक्वांदो, कराटे, ज्युदो करणारी पोरं गावोगाव आहेत. खऱ्या खेळाडूचे खांदे, चालणं, श्वास घेणं तीन महिन्यांत कुठल्याही नटाला येत नाही. वडलांच्या भूमिकेला मात्र तयार नटच हवा, आणि तो मुंबईत शोधू नका. दशावतारात, कोकणातल्या जत्रांमधल्या लोकनाट्यात, शोधा.

दशावताराचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे जत्रेत रात्र रात्र ज्या लढाया बघत आपण वाढलो त्या अजिबात वास्तववादी नसतात. पखवाज आणि झांजेच्या तालावर दोन राजे गिरक्या घेतात, तलवारीला तलवार लागते न लागते. तरी पहाटे तीन वाजता शाल पांघरून बसलेली म्हातारी माणसं पुढे सरकून बघतात. का? कारण तलवार उपसायच्या आधी दोघं बराच वेळ समोरासमोर बोललेले असतात. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, आणि संवाद नट तिथे उभं राहून रचतो. एक जण आपली बाजू मांडतो, दुसरा ती खोडून काढतो, आणि ऐकणाऱ्याला दोघांचंही पटायला लागतं. हत्यार उचललं जातं तेव्हा कोण काय गमावणार आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या सिनेमातला पर्ससीनवाला खलाशी नुसता शिवी देतो आणि मार खातो. त्याच्यावर कर्ज असेल, त्याचंही घर मासळीवर चालत असेल, रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यातला हा वाद त्याच्या बाजूने कसा दिसतो ते त्याला बोलू द्या. मग ठोसा मारणं अवघड होईल आणि म्हणूनच बघावंसं वाटेल.

दशावतारातली पावलं मात्र सिनेमाच्या फाइटमध्ये आणू नका. ती त्या रंगमंचावर, त्या वाद्यांबरोबरच शोभतात. नट आणा, त्याची बोलण्याची तयारी आणा. जत्रांचा हंगाम कार्तिकापासून उन्हाळ्यापर्यंत असतो आणि त्या काळात चांगल्या नटाला जवळजवळ रोज रात्री प्रयोग असतो. त्याला दिवसा झोप लागते, तर शूटिंग त्याच्या सोयीने लावा. पावसाळा हा त्यांच्याकडे मोकळा, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असल्यामुळे तुमचे खलाशीही मोकळे. तालमींसाठी हेच दोन महिने धरा.

आता जागा. तुम्ही तीन ठिकाणं लिहिलीत: पुळण (किनाऱ्यावरची वाळू), चिरेखाण (जांभा दगडाची खाण) आणि जेटी. पुळणीत कोरड्या वाळूत उंच लाथ बसत नाही, टेकलेला पाय रुततो आणि फिरत नाही. गुडघा पिळवटतो तो तिथेच. तेव्हा लाथांची फाइट ओल्या वाळूवर घ्या आणि फेकाफेकी कोरड्या वाळूत, उलट करू नका. ओली वाळू पडायला सिमेंटइतकीच कठीण असते. फेक घ्यायची जागा फावड्याने हातभर खणून भुसभुशीत करा, त्यातले शिंपले, काचा, माशांची हाडं हाताने वेचून काढा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज चार वाजता पाणी जिथे होतं तिथे उद्या पाचच्या सुमारास असेल. सीन दोन दिवसांत तोडणार असाल तर हे कागदावर लिहून ठेवा, नाहीतर एका शॉटमध्ये पाणी घोट्याशी आणि पुढच्यात पन्नास पावलं मागे दिसेल. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत तर पाण्याची रेघ पार वेगळीच असते. गावातल्या कुठल्याही तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) तारीख सांगा, तो तोंडी हिशेब करून देईल.

चिरेखाणीची कल्पना दिसायला सुंदर आहे. तांबड्या कापलेल्या भिंती, खाली साचलेलं पाणी, सावली. पण जांभ्यावर कोणालाही पाडू नका, गादी घालून सुद्धा कडेला नको. जांभा खरवडत नाही, सोलतो, आणि चिऱ्याच्या काठावर डोकं आपटलं तर तिथून इस्पितळ किती लांब हे तुम्हाला माहीत आहे. खाणीत पाठलाग घ्या, बोलणं घ्या, भिंतीला रेटून धरलेलं घ्या. पडणं दुसरीकडे.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात, कारण तुमचा छायालेखक तयार दिसतो. तोंडावरचा ठोसा कधीच लावायचा नाही, तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून जाऊ द्यायचा. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे असला आणि लेन्स लांब असली की मधलं अंतर दिसत नाही. वाइड लेन्सवर लगेच उघडं पडतं. ठोसा खरा वाटतो तो मार खाणाऱ्याच्या मानेमुळे. मान अर्धा ठोका उशिरा फिरली की सगळं फुकट. तालमीत मारणाऱ्यापेक्षा खाणाऱ्याला दुप्पट वेळ द्या. पकडीची कुस्ती आणि फेक यांत मात्र फसवावं लागत नाही. अंगाला अंग खरंच लागतं, वजन खरंच उचललं जातं, आणि कमी बजेटच्या सिनेमाला हा मोठा फायदा आहे. एखादी देवाणघेवाण न कापता पूर्ण दिसू द्या. दर ठोशाला कट मारला की प्रेक्षकाला जागेचा पत्ता लागत नाही आणि मग भीतीही वाटत नाही.

आवाजाकडे तर कोणीच पुरेसं बघत नाही. खऱ्या ठोशाला 'ढिशूम' नसतं. अंगावर बसला तर बोदा, ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा आवाज येतो, आणि तो तसाच बनवायचा: गोणपाट भिजवा, गुंडाळा, मारा, रेकॉर्ड करा. त्याहून महत्त्वाचा श्वास. किनाऱ्यावर लाटांच्या गाजेत श्वास रेकॉर्ड होत नाही. शूटिंगच्याच दिवशी संध्याकाळी नटाला बंद खोलीत आणा, जागेवर धावायला लावा, आणि त्याचा दम, कण्हणं, गिळणं माइक जवळ धरून घ्या. महिन्याभराने डबिंगला तो त्या दमात नसतो.

आणि सुरक्षितता, यात सवलत नाही. सरावात आधी चालण्याच्या वेगाने, मग अर्ध्या, मग पाऊण वेगाने. पूर्ण वेग फक्त कॅमेऱ्यासमोर, तोही मोजक्या टेकना. दोनदा टॅप म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, दिग्दर्शकाने 'कट' म्हटलं नसलं तरी. चोक खरा लावायचा नाही; हाताचं दडपण छातीवर आणि खांद्यावर द्यायचं, लाल चेहरा नट स्वतः श्वास धरून आणतो. कोणाच्या डोक्याला लागलं, गरगरलं, मळमळलं, बोलणं अडखळलं तर त्याचं त्या दिवसाचं काम बंद आणि डॉक्टर; "मी ठीक आहे" हे त्याचं म्हणणं धरायचं नाही. ज्युदोच्या मॅट भाड्याने मिळतात, त्या हॉटेलच्या गाद्यांपेक्षा महाग पडतील. तरी मॅटच आणा. मऊ गादीत पाय अडकतो आणि घोटा जातो.

राहिली शेवटच्या लढतीनंतरची पानं. तुम्ही ट्रॉफी, मिरवणूक आणि फ्रीज फ्रेम लिहिली आहे. ती मी पूर्ण काढून टाकेन. दुसऱ्या दिवसाची सकाळ लिहा. जबडा सुजलाय, चावता येत नाही, आईने पेज केलीय. ओठ फुटलेला असताना सोलकढीचा पहिला घोट कसा झोंबतो हे कोकणातल्या प्रेक्षकाला सांगावं लागणार नाही. भावंडांसमोर त्याला तोंड वाकडं करायचं नाही. वडील त्याच्या डाव्या बाजूला बसतात की उजव्या, वाटी त्याच्याकडे सरकवतात की नाही, हे तुम्ही ठरवा. तुमची पात्रं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

पुढच्या खर्ड्यात प्रत्येक फाइटच्या खाली दोन ओळी लिहून पाठवा: यात कोणाचं शरीर कुठे दुखावलं, आणि त्यामुळे पुढच्या सीनमध्ये त्याला कोणती रोजची गोष्ट करता येत नाही. जिथे दुसरी ओळ सुचणार नाही ती फाइट कापा. माझ्या अंदाजाने सातातल्या चार उरतील. त्या चार बसवायला जूनमध्ये तुमची टीम घेऊन रत्नागिरीला या. क्लास संध्याकाळी सहानंतर भरतो, त्याआधी मॅट मोकळी असते.